विमानाचं स्विच पॅनेल घरच्या घरी! साधी बटणं, वायरी आणि एक छोटा बोर्ड. कसं बनतं ते वाचा सविस्तर

बारामती, धुळे किंवा गोंदियाजवळच्या बिरसी भागात ज्यांची शेती आहे, त्यांना शिकाऊ विमानाचा आवाज नवा नाही. खुरपणी चालू असताना डोक्यावरून घरघरत विमान जातं आणि बांधावरचं पोरगं मान वर करून बघत राहतं. त्या पोराच्या हातात आता मोबाईल आहे, कॉलेजला गेलेल्या भावाकडे लॅपटॉप आहे, आणि कॉम्प्युटरवर अगदी खऱ्यासारखं विमान उडवायचा प्रोग्रॅमही आहे. त्याला म्हणतात फ्लाइट सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर दिसायला भारी, पण त्याला तगडा कॉम्प्युटर लागतो आणि पैसेही मोजावे लागतात. फ्लाइटगिअर नावाचा मात्र पूर्ण मोफत आहे आणि मध्यम ताकदीच्या कॉम्प्युटरवरही चालतो.

अडचण येते ती कीबोर्डची. दिवा लावायला एक की, इंजिनला दुसरी, पंपाला शिफ्ट दाबून तिसरी. विमान उतरायला आलं, धावपट्टी समोर दिसतेय आणि उडवणारा मात्र कीबोर्डात अक्षर शोधतोय. विहिरीवरच्या पेटीत हात घालणारा शेतकरी हिरवं बटण कुठं आणि लाल कुठं हे वाचत बसतो का? रात्रीच्या लाईटलाही हात बरोबर जातो. तसंच काम विमानात व्हावं म्हणून हौशी मंडळी घरीच स्विचचं पॅनेल बनवतात. बाजारात तयार पॅनेल मिळतं, पण त्याला कित्येक हजार रुपये पडतात. घरी बनवलं तर साधारण दीड हजारात जमतं. भाव दुकानागणिक बदलतात, सोल्डरिंगची इस्त्री नसेल तर तिचे वेगळे.

कोणत्या विमानाचं पॅनेल?

पहिल्यांदा करणाऱ्याने मोठ्या प्रवासी विमानाच्या नादी लागू नये. तिथे डोक्यावरच्या एका पाटीवरच ढिगाने बटणं असतात. सुरुवातीला सेसना १७२ बरं. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पंख वर असलेलं हे अमेरिकन विमान पहिल्यांदा १९५५ साली उडालं आणि आजपर्यंत ४४ हजारांहून जास्त बनली. जगात एवढ्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. कितीतरी पायलट याच्यावर शिकले, आणि जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये ते असतंच.

त्याच्या नव्या एस मॉडेलमध्ये पायलटच्या समोर खाली एका ओळीत स्विच असतात. पहिली जोडी मास्टरची: एक बॅटरीचा, एक अल्टरनेटरचा. ट्रॅक्टरवाल्याला हे सांगायला नको. बॅटरी इंजिन सुरू करून देते आणि पुढे अल्टरनेटर ती चार्ज करतो. मग इंधनाचा जादा पंप. त्यानंतर दिवे: शेपटीवरचा लाल बीकन, उतरताना लागणारा लँडिंग, जमिनीवर चालवताना लागणारा टॅक्सी, पंखांच्या टोकाचे नॅव्हिगेशनचे दिवे (डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा) आणि पांढरे लखलखणारे स्ट्रोब. बीकन इंजिन सुरू करण्याआधी लावतात. पंखा आता फिरणार, लांब उभे राहा, असा तो जवळच्या माणसांना इशारा असतो.

पुढचा स्विच पिटो हीटचा. विमानाचा वेग हवेच्या दाबावरून मोजणारी एक नळी पंखाखाली असते. थंड ढगात तिच्यात बर्फ जमला तर काटा खोटं बोलायला लागतो, म्हणून तिला गरम ठेवायची सोय. शेवटी रेडिओ आणि पडद्यांसाठी दोन स्विच. असे मिळून ११ झाले.

याशिवाय एक किल्ली: बंद, उजवा, डावा, दोन्ही आणि स्टार्ट. या इंजिनात ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात आणि ते बॅटरीवर अवलंबून नसतात. हवेत सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं. उडण्याआधी पायलट १८०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून एकेक मॅग्नेटो तपासतो. एकट्या मॅग्नेटोवर इंजिन १५० फेऱ्यांपेक्षा जास्त पडलं, किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक दिसला, तर विमान उडवायचं नाही. ही तपासणी कीबोर्डवर करणं आणि हाताने किल्ली फिरवून करणं यात फरक पडतो. किल्ली फिरवली, काट्याकडे बघितलं, परत फिरवली, हे अंगवळणी पडतं.

बोर्ड घेताना इथंच फसतात

स्विच आणि कॉम्प्युटर यांच्या मधे एक छोटा बोर्ड लागतो. दुकानात गेलं की सगळे अर्डुइनो उनो हातात देतात, कारण तोच जास्त खपतो. बोर्ड चांगला आहे, पण या कामाला अडचणीचा. कॉम्प्युटरला तो जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. मधे वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. त्याऐवजी प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो मागावा. या दोन्हींवर एटीमेगा ३२यू४ नावाची चिप असते आणि तिच्यातच यूएसबीची सोय आहे. वायर जोडली की विंडोज म्हणतं, जॉयस्टिक आली. वेगळं काही टाकावं लागत नाही.

प्रो मायक्रो बोटभर लांबीचा, साधारण पाचशे-सातशे रुपयांच्या घरातला. घेताना ५ व्होल्टचा आहे ना, हे विचारून घ्यावं, ३.३ व्होल्टचाही येतो आणि प्रोग्रॅम टाकताना चुकीचा प्रकार निवडला तर बोर्ड गप्प पडू शकतो. त्याचं यूएसबीचं तोंड फार नाजूक असतं, वायर ओढली की उपटून येतं. बोर्ड बसवल्यावर वायर पेटीला क्लिपने किंवा ग्लूगनने पक्की करावी, म्हणजे ओढ बोर्डावर येत नाही. आणि वायर डेटाची हवी. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेल्या काही स्वस्त वायरींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. दिवसभर बोर्ड खराब म्हणून डोकं धरून बसायचं आणि शेवटी वायर बदलल्यावर चालू, असं बऱ्याच जणांचं होतं.

प्रो मायक्रोवर स्विच जोडायला १८ पिना मिळतात. आपले ११ स्विच, किल्लीच्या ४ जागा आणि स्टार्टचं एक बटण मिळून १६ झाल्या. म्हणजे सेसनाचं अख्खं पॅनेल एका बोर्डात बसतं, दोन पिना उरतात. पुढे मोठं पॅनेल करायचं झालं तर आडव्या-उभ्या तारांची जाळी करून डायोड लावून कमी पिनांत जास्त स्विच बसवतात, पण पहिल्याच वेळी त्या भानगडीत पडू नये.

जोडणी: करंट स्विचला द्यायचाच नाही

घरातल्या वायरिंगची सवय असलेला माणूस इथे हमखास एक चूक करतो. तो ५ व्होल्टची वायर स्विचला नेतो. इथे उलटं आहे. बोर्डाच्या प्रत्येक पिनेला आतूनच एक हलका करंट देऊन ठेवायचा, प्रोग्रॅममध्ये 'इनपुट पुलअप' लिहिलं की तो मिळतो. स्विच उघडा असला की पिन वर असते. स्विच चालू केला की पिन जमिनीला, म्हणजे जीएनडीला, टेकते आणि खाली येते. बोर्ड एवढंच बघतो: वर की खाली.

त्यामुळे जोडणी एकदम सोपी. सगळ्या स्विचचा एक-एक पाय एकाच वायरीने एकमेकांना जोडत जायचा आणि ती वायर जीएनडीला लावायची. दुसऱ्या पायाची वायर ज्याच्या त्याच्या पिनेला. रेझिस्टर लागत नाही.

तीन पायांचा छोटा टॉगल आणला असेल तर मधला पाय आणि कडेचा एक वापरावा. या टॉगलची दांडी वर असताना मधला आणि खालचा पाय जुळतात. वरचा जुळत असेल असं वाटतं, म्हणून मल्टिमीटरच्या बीपवर एकदा बघून घ्यावं.

खऱ्या १७२ मध्ये टॉगल नसून रॉकर असतात, बॅटरीवरच्या फवारणी पंपाला असतो तसे. मिळतात स्वस्त, पण त्यांना चौकोनी भोक लागतं आणि ते कानशीने घासून काढता काढता हात दुखून येतो. टॉगलला गोल भोक, ड्रिलने झालं. जुन्या पंपाचा काढलेला रॉकर लावायचा मोह होईल. करंट इतका थोडा असतो की गंजलेल्या पत्रीतून तो नीट जातच नाही, कधी लागतं कधी नाही. या बाबतीत वीस-तीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

किल्लीसाठी रोटरी स्विच घ्यावा, रेडिओच्या बटणासारखा टकटक फिरणारा. मोटरसायकलची चावीही काही जण लावतात, पण तिला पाच जागा नसतात. रोटरीची गोची एकच, स्टार्टला नेऊन सोडला तर तो आपोआप परत येत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे स्टार्टला शेजारी वेगळं दाबायचं बटण. दुचाकीच्या हॉर्नचं बटण यासाठी झकास, सोडलं की वर येतं.

स्विच वर, पण दिवा बंद! जिन्यातल्या बटणासारखी गंमत

पॅनेल बनवणाऱ्यांचं डोकं सगळ्यात जास्त इथं फिरतं.

दुमजली घरात जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असं टू-वे बटण असतं. त्यातलं एक बटण बघून दिवा चालू आहे की बंद हे सांगता येतं का? नाही. कारण कुठलंही बटण फिरवलं की दिवा आहे त्याच्या उलट होतो. सिम्युलेटरमध्ये दिव्याला नुसती की जोडली की तसंच होतं. एकदा दाबली की लागतो, परत दाबली की विझतो. माऊसने पडद्यावर कुणी तो दिवा लावला असेल आणि तुम्ही पॅनेलचा स्विच वर केला, तर दिवा विझणार. तिथून पुढे सगळं उलटं चालतं. खऱ्या विमानात असं होऊन चालणार नाही. पायलट अंधारात बोटाने चाचपतो आणि दांडी वर म्हणजे चालू हे त्याला न बघता कळतं.

इलाज असा: 'उलट कर' हा हुकूम वापरायचाच नाही. बहुतेक सिम्युलेटरमध्ये 'चालू कर' आणि 'बंद कर' असे दोन वेगळे हुकूम असतात. बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये एका स्विचची दोन बटणं करायची. दांडी वर गेली की एक नंबरचं बटण क्षणभर दाबून सोडल्यासारखं करायचं, खाली आली की दोन नंबरचं. सिम्युलेटरमध्ये एकला 'लँडिंग दिवा चालू' आणि दोनला 'लँडिंग दिवा बंद' जोडून द्यायचं. अकरा स्विचची बावीस बटणं, किल्लीची आणि स्टार्टची पाच, म्हणजे सत्तावीस. अर्डुइनोसाठी जी मोफत जॉयस्टिक लायब्ररी मिळते, ती एरवीच बत्तीस बटणं धरते, त्यामुळे काम भागतं. फ्लाइटगिअरमध्ये तर एकाच बटणाला दाबल्यावर एक काम आणि सोडल्यावर दुसरं काम जोडायची सोय आहे.

कोड लिहायचा कंटाळा असेल तर मोबीफ्लाइट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. बोर्ड ओळखून तो मायक्रोसॉफ्ट आणि एक्स-प्लेनच्या सिम्युलेटरला जोडून देतो, नुसतं यादीतून निवडत जायचं. पण एकदा तरी स्वतः कोड लिहून बघावा, वीस-तीस ओळींत होतो.

आणखी एक. सिम्युलेटर उघडताना विमान इंजिन चालू असलेल्या अवस्थेत धावपट्टीवर आलं आणि तुमचे सगळे स्विच खाली असले, तर पुन्हा जुळणी बिघडते. म्हणून सगळे स्विच खाली करून ठेवायचे, आणि विमान पार्किंगमध्ये बंद अवस्थेत घ्यायचं.

एकदा दाबलं, तीनदा मोजलं

स्टार्टरचा कॉन्टॅक्टर ओढला जाताना कधी तडतडतो, ते सगळ्यांनी ऐकलंय. छोट्या स्विचमध्येही आतली पत्री टेकताना काही मिलिसेकंद नाचते. आपल्याला कळत नाही, पण बोर्ड सेकंदाला हजारो वेळा बघत असतो, त्याला ती तीन-चार दाबणी वाटतात. उपाय प्रोग्रॅममध्येच आहे: बदल दिसला की वीस मिलिसेकंद थांबायचं, पुन्हा बघायचं, तोच निकाल असेल तरच खरा मानायचा. एवढं केलं नाही तर चांगला स्विचही खराब वाटतो आणि पोरं उगाच नवे स्विच आणत बसतात.

पाटी तालुक्यातच मिळते

पॅनेलच्या पाटीसाठी ऑनलाइन काही मागवायची गरज नाही. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे एसीपी शीटचे तुकडे पडलेले असतात. दोन्हीकडून ॲल्युमिनियम, मधे प्लॅस्टिक. कापायला सोपं, वाकत नाही. फुटभर लांब तुकडा पुरतो. छोट्या टॉगलला सहा मिलिमीटरचं भोक, दोन स्विचमध्ये मधापासून मधापर्यंत निदान दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवावं. नाहीतर एक दांडी उचलताना शेजारची पण उचलली जाते. भोकं पाडण्याआधी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून त्यावर बोटं ठेवून बघावं.

नावं लिहायला गाड्यांची नंबर प्लेट करणारा रेडियमवाला आहेच. काळ्या पाटीवर पांढरी छोटी अक्षरं मशीनवर कापून देतो. नावं इंग्रजीत ठेवावीत, खऱ्या विमानात तशीच असतात आणि पुढे वाचायची सवय तीच लागते.

सोल्डरिंग करताना पंचवीस वॅटची इस्त्री पुरते. आधी पाय आणि वायर दोन्ही तापवायचे, मग कथिल लावायचं. कथिल इस्त्रीवर वितळवून वरून थापलं तर डाग वरून चकचकीत दिसतो आणि आत सुटा राहतो. साध्या कथिलात शिसं असतं, त्यामुळे धूर तोंडावर घेऊ नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. जेवणाच्या ताटाजवळ हे काम नकोच.

सगळं जोडल्यावर यूएसबी लावण्याआधी मल्टिमीटरने एकेक स्विच तपासावा. मग विंडोजमध्ये 'रन' उघडून 'जॉय डॉट सीपीएल' इंग्रजीत टाकलं की जॉयस्टिक तपासायची खिडकी येते. दांडी हलवली की त्या नंबरचा दिवा लुकलुकायला हवा. ओटीजीने पॅनेल मोबाईललाही लागतं, पण मोबाईलचा खेळ ही बटणं मानेलच असं नाही.

घरातल्या मोठ्यांनी बघावं असं

हे सगळं काम ५ व्होल्टवर चालतं, हात लागला तरी झटका बसत नाही. पण पोरांच्या डोक्यात कधी येतं की पॅनेलवरच्या एका स्विचने खोलीचा बल्बही लावू. ते अजिबात करू द्यायचं नाही. घरातला २३० व्होल्टचा करंट या पेटीत शिरता कामा नये. एकाच पाटीवर दोन्ही वायरी आल्या आणि एखादी सुटून टेकली, तर बोर्ड, लॅपटॉप आणि हात लावणारा माणूस, तिघांनाही धोका आहे. पॅनेलवर बारीक एलईडी लावायचे तर प्रत्येकाला रेझिस्टर लावावा आणि करंट यूएसबीतूनच घ्यावा. साध्या यूएसबीतून ५०० मिलीअँपियरपर्यंतच घ्यायचा असतो. दहा-बारा बारीक दिव्यांना तो भरपूर झाला.

दुसरी गोष्ट पैशाची. सिम्युलेटरवर तास भरले की पायलट होता येतं असं सांगून कुणी फी मागत असेल तर आधी विचारपूस करावी. आपल्याकडे व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी डीजीसीएच्या नियमानुसार २०० तासांचं उड्डाण लागतं, शिवाय वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा. प्रशिक्षण संस्थांमधल्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरची गोष्ट वेगळी, पण घरच्या लॅपटॉपवरचा एक तासही लॉगबुकात धरला जात नाही. खर्च लाखोंत जातो. एकरभर विकायचा विचार करण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे स्वतः जाऊन बघावं.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या पोराला मात्र या पेटीचा उपयोग वेगळाच आहे. पुलअप, कॉन्टॅक्टचा नाच, सामाईक ग्राउंड, दोन हुकमांचा हिशोब, हेच सगळं कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि ठिबकच्या ऑटोमेशनच्या पेटीत असतं. मुलाखतीला जाताना पेटीचा मागचा भाग उघडून फोटो काढून ठेवावा, वायरी नीट बांधलेल्या आणि नंबर टाकलेल्या असतील तर. नसतील तर आधी बांधाव्यात. सतरा वायरींना चिकटपट्टीने नंबर द्यायला अर्धा तास लागतो, आणि सहा महिन्यांनी एखादा स्विच बंद पडला की सुटलेली वायर कोणत्या पिनेची ते त्या नंबरावरूनच कळतं.